हळदीचे डाग

हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे आमच्याकडं लहान पोरीलाही माहीत असतं. कुंडलच्या आसपास ज्याच्याकडं ऊस आहे त्याच्याकडं थोडी तरी हळद असतेच. माघ-फाल्गुनात हळद शिजते, वाळते, पॉलिश होते, आणि ते दीड-दोन महिने घरातल्या प्रत्येक कापडाला पिवळं काहीतरी लागलेलं असतं. धुवायला घेतलं की पाणी लालभडक. नवी सून पहिल्या वर्षी दचकते. मग सासू सांगते, "घाबरू नगंस. उन्हात टाक, ऊन खातंय त्याला." आणि खरंच, दुपारपर्यंत डाग विरून जातो.

मला हे लग्न झाल्यापासून माहीत आहे. तरीही गेल्या वर्षी मी सासऱ्यांच्या लेंग्यावरचे लाल डाग हळदीचे समजून धूत राहिले.

एकदा नाही, चार-पाच वेळा. डाग कायम पुढच्या बाजूला, कायम त्याच जागी. हळद काय जागा बघून लागते का? शिवाय ते डाग उन्हात गेले नाहीत, तपकिरी झाले. मी लिंबू चोळलं, ब्लीचिंग पावडर लावली, म्हाताऱ्याला कापडं जपून वापरता येत नाहीत म्हणून पुटपुटले आणि लेंगा घडी घालून कपाटात ठेवला. विचारलं नाही. सुनेनं सासऱ्याला लेंग्याच्या पुढच्या डागाबद्दल विचारायचं नसतं.

मला किळस सहजी येत नाही. मी गावातलं दूध संकलन केंद्र चालवते. सकाळी प्रत्येक किटलीचं झाकण उघडून वास घेणं हे माझं काम. नासलेलं दूध, गाईची अडकलेली वार, कासेतला पू, यातलं काही बघून माझा घास अडकलेला नाही. पण त्या लेंग्याची घडी आठवली की अजून किळस येते. लेंग्यामुळं नाही, माझ्यामुळं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले, आता सत्तरीला आलेत. पाठ अजून ताठ, मिशीला रोज कंगवा. फौजेत सिगारेट होती, गावी आल्यावर बिडी झाली. माझे मालकही फौजेतच, लांबच्या पोस्टिंगला, त्यामुळं घरात आम्ही तिघंच: मामा, सासूबाई आणि मी. सासूबाईंना मी आत्या म्हणते. मामा माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर उभी असले तरी आत्यांकडं बघून म्हणायचे, "तिला म्हणावं, चा टाक." आत्या माझ्याकडं वळून तेच म्हणायच्या, आणि मी चहा टाकायचे. यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

वैशाखात आम्ही आटपाडीला एका लग्नाला निघालो. भाड्याची जीप होती. आमच्याकडं माणसाला लघवी लागली की तो उसात जातो. दोन पावलं आत गेलं की माणूस दिसत नाही. घरामागं संडास-बाथरूम बांधून बरीच वर्षं झाली होती, पण मामा त्यात पेंडीची पोती ठेवायचे आणि स्वतः उसात जायचे. आटपाडीकडं ऊस नाही. उघडं माळरान, बाभळसुद्धा गुडघ्याएवढी. मामांनी जीप थांबवायला लावली आणि आडोसा शोधत शोधत शेवटी किलोमीटरच्या दगडाआड उभे राहिले. दगड नुकताच चुन्यानं रंगवलेला, पांढराशुभ्र. आपले पुरुष असे पांढरे दगड बघूनच का उभे राहतात, हे मला कधी कळलेलं नाही.

मी खिडकीतून तोंड फिरवलं. मग जीप निघायच्या आधी सहज नजर गेली. पांढऱ्या दगडावर लाल ओघळ होता. पानाची पिंक असती तर वरून पडली असती. हा ओघळ कमरेखालून सुरू झाला होता.

मी खाली उतरले, जवळ जाऊन बघितलं. रक्ताची एक गाठही होती, करंगळीच्या नखाएवढी. मी पहिल्यांदाच थेट बोलले.

"मामा, हे कवापासनं हाय?"

मामांनी आत्यांकडं बघितलं. "तिला म्हणावं, गाडीत बस."

"मी बसती. पर कवापासनं?"

आत्या जीपमधूनच म्हणाल्या, "आगं बस की. दिवाळीपास्नं जातंय. मधी थांबतंय बी. मुतखडा हाय तो, औषिद चालू हाय."

दिवाळीपासून. म्हणजे सहा महिने. आत्यांना माहीत होतं. मामांचे लेंगे त्या वेगळे धूत होत्या, आणि हळदीच्या गडबडीत त्यांचे हात आखडले म्हणून ते माझ्या धुण्यात आले होते. पलीकडच्या एका गावात एक जण दर रविवारी मुतखड्याची मुळी देतो, केळ्यात घालून. ते औषध त्या आणत होत्या. टोमॅटो बंद, पालक बंद, वांगं बंद.

"आणि बिडी?" मी विचारलं.

"बिडीचं कायबी म्हणला न्हाई त्यो," मामा म्हणाले. माझ्याशी नाही, ड्रायव्हरशी.

लग्नात मी जेवले नाही. परत येताना आत्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "आगं, दुखत असतं तर सांगितलं नसतं व्हय? जरा बी दुखत न्हाई. आन औषिद घेतलं की चार दिसात थांबतंय. बापय माणसाचं असलं सुनंला काय सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी केंद्र शेजारणीवर सोपवून मी मामांना आणि आत्यांना मिरजेला घेऊन गेले. लघवीच्या आजारांचे डॉक्टर तरुण होते आणि बोलायला सरळ. आत्यांचं "दुखत न्हाई, थांबतंय" ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, मुतखडा असता तर हे आजोबा गडाबडा लोळले असते. दुखून रक्त आलं तर मी कमी घाबरतो. न दुखता आलं तर जास्त. आणि ते आपोआपच थांबतं. औषध घेतलं तरी थांबतं, नारळ फोडला तरी थांबतं, काहीच केलं नाही तरी थांबतं. म्हणून तर माणसं फसतात."

सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीत कोंबासारखं काहीतरी वाढलेलं दिसलं. डॉक्टरांनी कागदावर पिशवी काढून दाखवली. आत अस्तर, त्याखाली एक पातळ थर, त्याच्या बाहेर जाड स्नायू. गाठ अस्तरातून उगवते. ती वरच्या थरात असेल तर खरवडून काढता येते आणि पिशवी वाचते. स्नायूत शिरली असेल तर बहुतेक वेळा सगळी पिशवीच काढावी लागते, आणि त्यानंतरही भरवसा कमी. आपल्याला फक्त एकच बघायचंय, ते म्हणाले, स्नायूत गेलीय की नाही.

"बिडीचा धूर छातीत जातो," मामा म्हणाले. डॉक्टरांशी ते थेट बोलत होते. "मुतायच्या पिशवीत कसा जाईल?"

"धूर नाही जात, आजोबा. धुरातलं विष रक्तात उतरतं. मूत्रपिंड ते गाळून लघवीत टाकतं. मग ती लघवी पिशवीत तास-तास साठून राहते. चाळीस वर्षं तुम्ही पिशवीला विषात मुरवलंय, लोणच्यासारखं."

त्यानंतर काही दिवस माझ्या जिभेला लोणचं लागलं नाही.

ऑपरेशनला कुठं चिरायचं नव्हतं. कमरेखाली बधिर करून लघवीच्या वाटेनंच दुर्बीण आत घातली आणि गाठ तुकड्यातुकड्यानं खरवडून काढली. नंतर तीन दिवस नळी. वरून सलाइनसारखं पाणी पिशवीत जायचं, खालून गुलाबी पाणी प्लास्टिकच्या पिशवीत यायचं. ती पिशवी भरली की नर्सला हाक मारायची, नाहीतर आपण ओतायची. आत्या तोंडाला पदर लावून कोपऱ्यात बसल्या. मी ओतत राहिले. मामा भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. तीन दिवसांत "तिला म्हणावं" असंही म्हणाले नाहीत.

रिपोर्ट आला. गाठ कॅन्सरचीच होती, आडदांड जातीची, खालच्या थरापर्यंत पोचलेली, पण स्नायूत गेलेली नव्हती. खात्रीसाठी महिना-सव्वा महिन्यानं त्याच जागी पुन्हा एकदा खरवडलं. तेव्हाही स्नायू कोरा निघाला. पण ही जात परत उगवते, डॉक्टर म्हणाले, हरळीसारखी. म्हणून दर आठवड्याला एकदा असं सहा आठवडे पिशवीत औषध सोडायचं. औषध म्हणजे बाळाच्या दंडावर टोचतात ती क्षयाची लस. ती अस्तराला चिडवते, मग शरीर चवताळून उठतं आणि उरलेल्या वाईट पेशी मारतं.

आत्या ओरडल्याच. "यांच्या अंगात टीबी घालताय व्हय?"

"जिवंत पण अशक्त केलेले जंतू असतात, आजी. म्हणून नियम पाळायचे." नियम मी लिहून घेतले. औषध दोन तास आत धरायचं. मग पुढचे सहा तास जेव्हा लघवी होईल तेव्हा संडासातच, बसून करायची, उडू द्यायची नाही. वर ब्लीच ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग पाणी. हात साबणानं. खूप ताप किंवा हुडहुडी आली तर लगेच फोन.

मी घरी येऊन संडासातली पेंडीची पोती बाहेर काढली. आत उंदरांनी घर केलं होतं. खरवडून धुतलं, ब्लीचचा कॅन आणि पाण्याचा मग ठेवला. पहिला डोस घेऊन आम्ही संध्याकाळी परतलो, आणि मामा गाडीतून उतरून सरळ उसाकडं निघाले.

मी आडवी झाले. "मामा, तिकडं न्हाई. आत."

"तिला म्हणावं, मी काय बाई हाय का बसून मुतायला?"

"आवं मामा, फौजेत गोळीबार झाला की आडवं पडत हुता का न्हाई? तवा कुणी बाई म्हणलं का?"

मामांनी आत्यांकडं बघितलं. "हिला म्हणावं..."

"तुमीच म्हणा की!" आत्या वैतागून म्हणाल्या. "म्या काय पोस्टमन हाय का?"

मामा आत गेले. दार इतकं जोरात लावलं की पत्रा वाजला. ते बाहेर आल्यावर मी ब्लीच ओतलं. पंधरा मिनिटांनी पाणी टाकायला गेले तर कोपऱ्यात बिडीचं थोटूक होतं. ज्या विषानं हे झालं ते तिथंच उभं राहून ओढलेलं. ब्लीचच्या वासात बिडीचा वास मिसळला होता. मला पहिल्यांदाच ओकारी आली. थोटूक चिमट्यानं उचललं, बशीत घातलं आणि मामांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या डोसनंतर जळजळ झाली, कणकण आली. तिसऱ्या डोसच्या सकाळी मामांनी चादर डोक्यावरून घेतली. "रक्त थांबलंय. आता कशाला?" आत्याही म्हणाल्या, "थांबलंय की गं. उगी म्हाताऱ्याला कशाला टोचायचं?" मी मालकांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ते तिकडून म्हणाले, "आबा, ऑर्डर हाय. जावा." मामा उठले, पण तोंड असं की मी त्यांना फाशीला नेत होते.

त्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर आमच्याशेजारी माण तालुक्यातला एक माणूस बसला होता, मामांच्याच वयाचा. मुंबईकडं रंगाच्या कारखान्यात जन्म घालवला, आता दहिवडीजवळ मेंढरं राखतो. त्यानं मामांचं तोंड बघून विचारलं, "कितवा डोस, पाव्हणं?"

"तिसरा. पुढं न्हाई घेणार."

"नगा घिऊ. मग हे घ्या." त्यानं सदरा वर केला. पोटाच्या उजव्या अंगाला प्लास्टिकची पिशवी चिकटवलेली, अर्धी भरलेली. "पिशवीच काढली माजी. आता ही भायेरची. आतड्याचा तुकडा कापून नळ बशीवलाय. आमच्या माणला प्यायला पाणी न्हाई, पर माजं ठिबक चोवीस तास चालू!"

आणि तो स्वतःच मोठ्यानं हसला. मामा मागं सरकले.

"हात लावून बघा की. गरम हाय."

"आवं, राहू द्या!"

"मी बी मुळी खाल्ली, गड्या. दोन वरसं. रक्त थांबलं की नारळ फोडायचो, परत आलं की परत मुळी. असं दोन वरसं नारळ फोडलं. तुमच्यावानी येळेत आलो असतो तर ठिबकची गरज न्हवती."

त्याच्या पिशवीची मला किळस वाटली नाही. ती स्वच्छ होती, नीट बसवलेली होती, आणि तो माणूस खातपीत होता, मेंढरं राखत होता. किळस वाटली ती त्या दोन वर्षांच्या नारळांची. आणि आमच्या सहा महिन्यांची, जे माझ्या धुण्यातून गेले.

मामांनी तिसरा डोस घेतला. चौथा, पाचवा, सहावाही घेतला. बिडी एकदम सुटली नाही. दोनदा पकडली, तिसऱ्यांदा बंडल मीच चुलीत घातलं. मग सुटली, किंवा निदान मला सापडायची थांबली. तीन महिन्यांच्या दुर्बिणीत आत स्वच्छ दिसलं. पुन्हा तीन डोस झाले. पुढची दुर्बीण फाल्गुनात होती, ऐन हळदीत.

ज्या दिवशी जायचं होतं त्याच सकाळी मी धुणं धूत होते. मामांचा लेंगा पाण्यात घातला, साबण लावला, आणि लाल झाला. पुढच्या बाजूला.

या वेळी मी घडी घातली नाही. लेंगा तसाच तारेवर टाकला, डाग सूर्याकडं करून, आणि मामांना हाक मारली. "मामा, हे बघा. हळद हाय का दुसरं?"

ते आले, बघितलं. "काल शिजवणीला हुतो मी." तरी खुर्ची ओढून तारेसमोर बसले. आत्या हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. मी केंद्रावर जाऊन दुधाचा हिशोब मिटवून आले तरी दोघं तिथंच होते. उन्हं वर आली. लाल रंग आधी गुलाबी झाला, मग गव्हाळ, मग शोधावा लागला.

"गेला," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी लेंग्यावरून हात फिरवला. "गेला बाई."

मामा उभे राहिले. माझ्याकडं बघून, आत्यांकडं न बघता म्हणाले, "गेला की. मग आज कशाला जायाचं मिरजंला?"

मला त्या क्षणी त्यांची इतकी चीड आली की बादली आपटली. "मामा, गेल्या साली बी थांबलंच हुतं की! थांबलं, थांबलं म्हणून तर हितवर आलाय. दुर्बिणीला दिसतंय ते डोळ्याला दिसत न्हाई. गाडी सांगितलीया. कापडं बदला."

त्या दिवशी दुर्बिणीत काही निघालं नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. पुढची तारीख ज्येष्ठात आहे, आणि त्यानंतरही तीन-तीन महिन्यांनी आहेतच. हरळी कुठल्या वर्षी उगवेल सांगता येत नाही.

जाताना वाटेत मामांनी गाडी थांबवायला लावली. दोन्ही बाजूंना उभा ऊस होता, डोक्याच्या वर गेलेला, पाहिजे तेवढा आडोसा. मामा खाली उतरले, उसाकडं बघितलं आणि वळून किलोमीटरच्या दगडाकडं गेले. हाही पांढरा होता. माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. मग बाजूला झाले आणि हाक मारली.

"ये, बघ."

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मला किळस आली, भर रस्त्यावर, उन्हात, त्या वासाची. मी उतरले, दगडाजवळ वाकले आणि नीट बघितलं. चुना ओला झाला होता, बाकी काही नव्हतं.

"काय दिसतंय?"

"पाणी."

"मग माघारी फिरायचं?"

"न्हाई. हात धुवा आन बसा गाडीत."

मी बाटलीतलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं, ते बसले आणि आम्ही मिरजेला गेलो.